आंबिलीचा तुंबा

अन्नाला नावं ठेवण्याचं खातं सरकारने काढलं असतं, तर आमचे शेजारी, सेवानिवृत्त फॉरेस्ट गार्ड, थेट सचिव म्हणून रिटायर झाले असते. मी आरमोरीला मास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी कुंपणावरून माझ्या बशीत डोकावून पाहिलं. "मास्तर, बिस्कुटं खाऊन राह्यले? काऊन, शाळेतला खडू संपला काय?" पॉलिशचा तांदूळ म्हणजे "आंघोळ घातलेलं मढं". पाकिटातला मसाला म्हणजे विटेचा भुगा. लग्नालाही हे गृहस्थ खांद्याला तुंबा लटकवून येत. वाळक्या भोपळ्याच्या त्या भांड्यात कोसरीची, म्हणजे तिकडच्या एका बारीक भरडधान्याची, आदल्या दिवशी आंबवलेली आंबील असे. जिलेबी पुढे आली की हे तुंब्याचं बूच काढत आणि त्या वासाने वरमाईसुद्धा तोंड फिरवी. पण एकट्याने खाणं त्यांना चोरीसारखं वाटे. पंगतीतल्या एकाने तरी घोट घेतल्याशिवाय स्वतः पीत नसत, आणि तो बळी बहुधा मीच असे.

एकदा माझी आई हिवतापाने पडली. दवाखान्याच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. मऊ भाताचं ताट तिच्या खोलीत जाई आणि तसंच परत येई. आठ दिवसांत ती पार वाळली. मी मनातून घाबरलो होतो.

"मायसंगं जेवते कोन?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"कोणी नाही. विश्रांती सांगितलीय."

"मंग कशी जेवन ते? आमच्या गावात दुखनाईताले एकटं जेवाले बसवत नाई. कैदी हाये काय ते?"

त्याच संध्याकाळी पाच घरची माणसं आपापलं भांडं घेऊन आमच्या अंगणात हजर! मधोमध आईची बाज, भोवती आम्ही सगळे, हातात पळसाचे द्रोण. गार्डसाहेबांनी माझ्या मऊ भाताची यथासांग निंदा केली आणि माझ्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी वाढली. माझा चेहरा पाहून आई आठ दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिने आंबिलीचा द्रोण तोंडाला लावला. तो रिकामा झाला तेव्हा मला रडू आवरेना. "चटनी तिखट झाली काय, मास्तर?" गार्डसाहेब वर विचारून मोकळे. आई हिंडूफिरू लागेपर्यंत ही पंगत रोज बसली.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी कळलं, बायको गेल्यावर गार्डसाहेबांना त्यांच्या मुलाने बल्लारपूरला आपल्या क्वार्टरमध्ये नेलंय आणि ते अंथरुणाला खिळलेत. मी घरून आंबील करवून घेऊन गेलो; तुंबा कुठला, स्टीलच्या डब्यात. मुलगा-सून कामावर गेलेले. खाटेशी स्टुलावर झाकलेलं ताट होतं आणि समोर टीव्ही बडबडत होता. त्यांनी डब्याचा वास घेतला.

"पानी जास्त झालं. तुमी मास्तरकीच करा."

मला फार बरं वाटलं. मग त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"बाकीचे कुठी हायेत?"

"मी एकटाच आलोय, गार्डसाहेब."

मी दोन वाट्या भरल्या आणि ती आंबट आंबील आयुष्यात पहिल्यांदा आग्रहाशिवाय प्यालो. तेव्हा कुठे त्यांनी वाटी उचलली. पाच घरं गोळा करायला बल्लारपुरात माझ्या ओळखीचं एकही दार नव्हतं. वाटी संपेपर्यंत त्यांची नजर मात्र दारावरच होती.