गेंदलालने निवडलेला कॅम

फोन सोनलचा होता. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील, मी नुकताच जेवून आडवा झालो होतो. "मास्तरकाका, बाबा स्टुलावर बसून आहे, पन बोलून नाई राहिला..." एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवला. मी चप्पल न घालता धावलो. गल्लीच्या टोकाला त्याचं गॅरेज. गेंदलाल भिंतीला डोकं टेकून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर कुणाच्या तरी स्कूटरचा कार्बोरेटर उघडा पडलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, छान मरण आलं, हातपाय चालते असताना गेला. मला हे ऐकलं की तिडीक येते. छान कसलं डोंबलाचं? मला त्या माणसाची माफी मागायची होती. चौदा महिने मी ती आज-उद्या करत राहिलो, आणि हा पठ्ठ्या दुपारच्या वेळी, मला न विचारता निघून गेला. आता कुणाकडे मागू? म्हणून लिहायला बसलो आहे.

गेंदलाल मोटार मेकॅनिक, आणि मी आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा, पण रोजचा चहा एकत्र. लग्नाआधी तो दोन वर्षं कोइंबतूरला होता. तिथे शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधणारा एक कारखाना होता, त्यात हा गोंदियाचा पोरगा इंजिनं खोलायचा आणि जोडायचा. लग्नाला सुट्टीवर आला तो बायकोला घेऊन परत जायच्या बेतानेच. आज जातो, उद्या जातो करता करता सोनल झाली, आणि दोन वर्षांची असताना तिला सिकलसेल निघाला. आमच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडांत अशी कळ उठते की मोठं माणूस जमिनीवर लोळतं. तिला मधूनमधून रक्त द्यावं लागे. जुळणारं रक्त देणारे चार-पाच नातेवाईक जवळच्याच दवनीवाड्याचे. एक फोन केला की मोटारसायकलवर हजर. कोइंबतूरला कोण येणार होतं? गेंदलालने जायचं नाव टाकलं. पुढे बायकोही वारली, आणि बाप-लेक दोघंच उरले. तेव्हापासून त्याचा एक कायदा होता. घरापासून वीस मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही. लग्नं नाहीत, कार्यं नाहीत. कचारगड आपल्याच जिल्ह्यात, मी दरवर्षी जत्रेला जायचो, त्याला म्हणायचो, चल रे. तो म्हणायचा, "तिथं फोन लागत नाई जी." विषय संपला.

ती गाडी त्याच्याकडे आली तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. एका राइस मिलच्या गोदामात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेली, दोन सीटची, उघडी, विलायती. शेठच्या तरुणपणीची हौस. मुलाला गोदाम रिकामं करायचं होतं, तो म्हणाला, घेऊन जा. चार जणांनी ढकलत आणली, तर सीटखालून पायलीभर कोंडा निघाला. गेंदलालने नऊ वर्षं तिच्यावर काम केलं. दिवसा लोकांच्या गाड्या, उरलेल्या वेळात ही. दोन कार्बोरेटर होते तिला. त्या दोघांचा श्वास सारखा लावायला तो रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचा, दुसरं टोक आधी या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग त्या. डोळे मिटून ऐकायचा. सोनल दारातून म्हणायची, "डॉक्टरसाहेब, पेशंट वाचते का?" आणि तो हात वर करून तिला गप्प बसवायचा.

सगळं जमलं आणि घोडं कॅमशाफ्टपाशी अडलं. जुना कॅम झिजून गुळगुळीत झाला होता. कॅमशाफ्ट म्हणजे काय, ते पोरांना सांगायचो तसं सांगतो. हा एक दांडा, त्याला उंचवटे असतात. दांडा फिरतो, उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात, इंजिन श्वास घेतं. उंचवटा बेताचा असला तर इंजिन हळू फिरतानाही शांत चालतं, गर्दीत दम धरतं, पण एका मर्यादेनंतर त्याची ताकद संपते. उंचवटा उंच आणि रुंद केला तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, वरच्या फेऱ्यांत, म्हणजे जोरात फिरू लागलं की, इंजिन बेभान पळतं. पण तेच खाली गुदमरतं, कार्बोरेटरमधून पेट्रोल उलटं फुसकारतं, चौकात थांबलात की बंद. दोन्ही सुखं एका दांड्यावर मिळत नाहीत. कोइंबतूरच्या त्याच्या जुन्या सोबत्याने दोन कॅम पाठवले होते. गेंदलालने त्यांची नावं ठेवली, एक तेज आणि एक सीधा. सोबत्याची चिठ्ठी होती, तुला कुठं चालवायची ते तू बघ.

कुठं चालवायची... यावर तो सहा महिने बसला. म्हणायचा, "मास्तर, कॅम मनानं नाई निवडाचा. रस्त्यानं निवडाचा. गाडी कोनत्या फेऱ्यात जास्त राहाते, ते पाहाचं." हे त्याला कोइंबतूरला शिकवलं होतं. तिथे शर्यतीच्या मैदानाचं एकेक वळण कागदावर मांडत. याने सोनलची जुनी वही घेतली आणि आठवडाभर आपल्या मोटारसायकलीवरच्या फेऱ्या टिपल्या. घर ते गॅरेज. गॅरेज ते बाजार. घर ते सरकारी दवाखाना. कुठे किती गती, कुठे किती वेळ थांबणं, किती ब्रेकर, रेल्वे गेट किती वेळा बंद. आठव्या दिवशी चहाला वही माझ्यापुढे ठेवली. मी मास्तर माणूस, चष्मा लावून तपासली आणि म्हटलं, बरोबर आहे, सीधा बसव. तो हसला. मग हसता हसता त्याचा आवाज बदलला. "मास्तर, पाहा ना. मी चाळीसच्या वर गेलोच नाई." आणि पुढे म्हणाला, "आठवड्याची गोष्ट नाई करून राहिलो मी." मला तेव्हा काहीतरी धड बोलायला हवं होतं. मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी भांडतो, ही माझी खोड. मी म्हटलं, "मग नऊ वर्षं कायले मेला? सीधाच बसवायचा तर ऑटो घ्यायचा होतास. बायल्यासारखा वह्या काय लिहून राहिला? बसव तो तेज!" शब्द हेच होते. मी ते विसरलेलो नाही.

त्याने तेज बसवला.

नवा कॅम बसवल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन मंद ठेवायचं नसतं, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वरच धरायचं, तेव्हा कुठे उंचवटे आणि त्यांच्यावर टेकणारे टॅपेट एकमेकांना सरावतात. त्या वीस मिनिटांत अख्खी गल्ली बाहेर आली, दोघांनी आम्हाला शिव्या घातल्या. पण गाडी धड पुढे जाईना. पहिल्या ब्रेकरला बंद, चौकात बंद, गाय आडवी आली की बंद. शेवटी थंडीतल्या एका रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, आम्ही ती ढकलून सुरू केली आणि गचके खात बिरसीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. धानाच्या बांध्या कापून झालेल्या, दोन्हीकडे धुकं. गेंदलालने दुसरा गिअर टाकून पाय दाबला. तीन हजारांपर्यंत ती खोकत राहिली, मी मनात म्हटलं, झालं... आणि साडेतीन हजारांवर काय झालं ते मला लिहिता येत नाही. पाठ सीटला चिकटली. सगळं फुसकारणं, खोकणं गेलं आणि एकच सूर लागला. मी जोरात ओरडलो, साठीतला माणूस! गेंदलाल ओरडला नाही. त्याचं तोंड मी पाहिलं, त्याला मी तसा कधीच पाहिला नव्हता. विमानतळाच्या कुंपणाशी थांबलो, तर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचं विमान वर घिरट्या घालत होतं. तो म्हणाला, "हे बी आपल्यासारखेच जी. उडतेत आन् तिथंच उतरतेत." आम्ही खो खो हसलो. आणखी दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत त्याच्या खिशातला फोन वाजला. सोनल म्हणाली, "बाबा, दुखून राहिलं." बस.

परतताना रेल्वे गेट बंद होतं. मालगाडी येऊन रुळावरच उभी राहिली होती. गाडी थांबली आणि इंजिन बंद पडलं, प्लग पेट्रोलने ओले झाले, पुन्हा सुरू होईना. शेजाऱ्यांना फोन लावला, घरातले सगळे पहाटेच गावाला गेलेले. गल्लीतल्या ऑटोवाल्याला लावला, तर घंटी आमच्या मागेच वाजली. तोही त्याच गेटला उभा! गेंदलाल डब्याखालून जायला वाकला, गेटमनने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मालगाडी हलायला पाऊण तास गेला. तो त्याच ऑटोत बसून रूळ ओलांडून गेला, मी त्या बंद गाडीजवळ उभा. घरी सोनल स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती, ओठ चावून रक्त आलेलं. सात दिवस दवाखान्यात होती. तिला घरी आणल्यावर चौथ्या दिवशी त्याने इंजिन उघडलं, तेज काढला, सीधा बसवला. मी स्टुलावर बसून होतो. नट आवळत तो एवढंच म्हणाला, "माहीच अक्कल गेलती." मी म्हणायला हवं होतं, अरे, तुझी नाही, माझी. मी त्याला दहाचा पाना दिला. त्यानंतर ती गाडी त्याने गल्लीबाहेर नेली नाही. दर रविवारी सुरू करायचा, दहा मिनिटं ऐकायचा, बंद करायचा.

तेरवीनंतर मी सोनलकडे गेलो. म्हटलं, बापाला नाही तर लेकीला तरी सांगावं. सगळं सांगितलं. ती वही, माझं ते बोलणं, तो बायल्या शब्दसुद्धा. अठ्ठावीस वर्षांची पोर, समोर बसून ऐकत होती. "हो का," म्हणाली. रागावली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. मग विचारलं, "काका, त्या दिवशी गाडी पळाली का जी? बाबानं मले कधीच नाई सांगतलं." मी म्हटलं, पळाली. कशी पळाली तेही सांगितलं. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, तोंड कसं झालं होतं त्याचं? मग कपाकडे बघत म्हणाली, "तुमी दोघं गाडी ढकलून राहिलते ना, तवाच मले कमरेत सुरू झालतं. मी खिडकीतून पाहून राहिलती. म्हटलं, जाऊ दे आज. तासभर दाबून धरलं. मग नाई झालं."

मी म्हटलं, "पोरी, हे त्याला काऊन नाही सांगितलं? तो स्वतःला खात राहिला ना चौदा महिने!"

"कसं सांगू जी?" ती एकदम चिडली. "सांगतलं असतं, का मी दुखनं लपवतो, तं बाबा गॅरेजात तरी गेला असता का? माह्या तोंडाकडं पाहात घरीच बसला असता." खरंच होतं ते. तो नक्की बसला असता. म्हणजे गेंदलाल हेच मनात धरून मेला की आपल्यामुळे लेक पाऊण तास तडफडली, लेक त्याला सांगू शकली नाही की तिने त्याला एक तास दिला होता, आणि मी, ज्याने हे सगळं पेटवलं, तो मास्तर रोज त्याच्यासोबत चहा पीत होतो... कुणाला दोष देऊ? दोष देता आला असता तर सुटलो असतो.

मागच्या मंगळवारी तिची तपासणी होती. म्हणाली, "काका, बाबाच्या गाडीनं न्या." नेली. बाजार, चौक, ब्रेकर, बंद गेट, कुठे एक गचका नाही. तपासणी आटोपल्यावर तिने बिरसीकडे बोट दाखवलं. मोकळ्या रस्त्याला लागलो तशी म्हणाली, "दाबा ना जी." मी दाबलं. गाडी छान उचलली, गोड, सरळ. चार हजारांपाशी आवाज सपाट झाला आणि पुढे काही येईना. पाय तळाला टेकलेला.

"अजून?"

"अजून नाही, बाई."

"बाबानं एवढंच ठेवलं?"

"एवढंच."

कायले, असं तिने विचारलं नाही. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. थोडा वेळ ती वाऱ्याकडे तोंड करून बसली, डोळे पुसले, मग मोबाइलमध्ये वेळ पाहिली. "परत घ्या, काका. माही गोळी घरी राहिली." मी गाडी वळवली. अरुंद रस्त्यावर वळताना ती माणसाच्या पायी चालीवर आली, तरी इंजिन एकदाही अडखळलं नाही.