म्या रचलेली बाई

"ही बाई कोण?" संपादकांनी विचारलं.

ते ओसरीवर गादीवर बसलेले. मी खाली अंगणात, उन्हात. ते सोलापूरहून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला आले होते, पुजाऱ्याच्या घरी उतरले होते. माझी कथा त्यांना पसंत पडली होती. भेटायला या, असं पत्र आलं म्हणून मी माकणीहून चालत आलो. पुजाऱ्यानं दारातच जात विचारली. मी सांगितली. मांग. माझ्यासाठी मांडलेला पाट कुणीतरी आत उचलून नेला. पत्रात मी 'आपण' होतो. अंगणात 'तू' झालो.

कथेतल्या बाईचं नाव गोदा, मांगाचीच. पाटलाच्या विहिरीवर जाते, घागर भरते. पाटील आडवा येतो. ती त्याच्याकडं सरळ बघत म्हणते, बाजूला व्हा. एवढीच कथा.

"कुणीच न्हाय," मी म्हणालो. "म्या रचली."

ते हसले. मायेनं हसले. ते जास्त लागलं.

"तुझ्यासारख्यानं पाहिलेलं सांगावं. रचणं वेगळं असतं बाबा."

आमच्या घरी दोर वळायचं काम. बा नि मी समोरासमोर वाखाचे धागे धरून बसायचो. हात आपले चालायचे, आणि गोदा डोक्यात बोलायला लागायची. कधी असं बोलायची की मलाच हसू फुटायचं. बा म्हणायचा, पोराला लागीर झालं. निजामाचं राज्य, शाळेत सगळं उर्दू. मराठी मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकलो. आणि आमच्या मांगवाड्यातली एकही बाई त्या विहिरीवर कधी गेली नव्हती. गेली असती तर धड परतली नसती. म्हणून तर रचावी लागली.

मग संपादकांनी तोड काढली. छापू, पण एका मांगाची खरी हकीकत म्हणून. लेखक म्हणून नाव त्यांचं. आणि शेवटी गोदा पाटलाच्या पाया पडेल, म्हणजे लोकांना पटेल.

नाव छापून यावं, ही माझी लई हाव होती. त्या हावेपायी मी तसाच उन्हात उभा राहिलो. पाय भाजत होते. मनातल्या मनात गोदाला वाकवून बघितलं. ती वाकेना.

"माझे कागद द्या," मी म्हणालो.

"अरे, दुसरं कोण छापणार तुझं?"

"न्हाय कुणी छापलं तरी चालंल. ती पाया पडणार न्हाय."

त्यांनी कागद ओसरीवरून खाली भिरकावले. ते वेचायला मला मात्र वाकावं लागलं.

ती कथा कुठंच छापून आली नाही. पुढं रझाकार आले, गेले. निजामही गेला. ओसऱ्या राहिल्या. आता त्या ओसऱ्यांवरची माणसं मला म्हणतात, तुमचं दुःख लिहा, भोगलेलं लिहा. लिहिणार नाही. जे आमच्या वाट्याला कधी आलंच नाही, तेच मी रचणार. आणि त्याखाली माझंच नाव घालणार.