वहिनीनं खाली ठेवलेला तांब्या

आमच्या ईट गावच्या स्टँडवर मला न्यायला एसटी लागली तेव्हा सारिका, माझ्या भावाची अकरा वर्षांची लेक, निरोपालाही मला बिलगली नाही. माझी बॅग स्टँडच्या फरशीला टेकली होती ना! ती लांबच थांबली आणि वहिनी तांब्यानं तिच्या हातांवर पाणी ओतत राहिली. एकदा, दोनदा, चारदा. "लई सोवळ्याची हाय आमची पोरगी," आई कौतुकानं म्हणाली. मीही हसले. लहान मुलांच्या मनाचे आजार शिकायला मँचेस्टरला निघालेली मी, आणि घरातलाच आजार मला दिसला नाही. त्याची लाज अजून वाटते.

तिकडं कार्पेटच्या उबदार खोलीत मी शिकले: ज्याची भीती वाटते त्याला शिवायचं, हात धुवायचे नाहीत, भीती आपोआप उतरेपर्यंत बसून राहायचं. छोट्या भीतीपासून मोठीकडं जायचं. कितीतरी मुलांवर पडताळून पाहिलेली रीत. इकडं सारिकाचं शाळेत जाणं बंद झालं होतं, हातांना भेगा पडल्या होत्या. "म्या पाणी न्हाय वतलं तर लेकरू तडफडतंय, वन्सं," वहिनी फोनवर सांगायची.

मग आमच्या विद्यापीठानं गावाकडच्या आरोग्य केंद्रांतल्या नर्सबाईंना ही रीत व्हिडिओ कॉलवरून शिकवायचं ठरवलं. खरं सांगते, लसीकरण आणि बाळंतपणं सोडून हे कोण करत बसणार, असंच मला वाटलं होतं. पण ईटच्या नर्सबाईंनी ते केलं. लसींच्या फ्रिजशेजारी सारिकाला बसवून आधी दाराची कडी शिवायला लावली, मग चप्पल, मग अंगणातली माती. आपलेही हात मातीत घातले. आणि वहिनीला बजावलं, "आता तांब्या खाली ठेवा. तुमी पाणी वतता, तिथंच भीतीला बळ मिळतंय." वहिनी कित्येक दिवस रडली, पण तांब्या उचलला नाही.

यंदा घरी आले. दोन विमानतळांच्या फरशीवर लोळलेली माझी बॅग सारिकानं दारातच घेतली, आत ठेवली आणि त्याच हातांनी भाकरी मोडून माझ्या ताटात वाढली. मग हात अंगापासून लांब धरून बसली. माझा हात नकळत तांब्याकडं गेला. वहिनीनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, वन्सं. उतरती तिची भीती."

आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. हळूहळू सारिकाचे खांदे सैल झाले आणि तिनं आपल्यासाठी भाकरी मोडली. मी थक्क होऊन बघत राहिले. एवढं धीरानं बसणं मला कुठल्याच वर्गात जमलं नव्हतं.

घर कुठलं, असं तिकडं कुणी विचारलं की पूर्वी मला ईटचं स्टँड आठवायचं. आता मनगटावरची वहिनीची पकड आठवते.