कंपनी कोणाच्या टीव्हीवर उभी राहिली

अंबडच्या तहसिलीसमोर, लिंबाखाली, माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि वकिलांचेही मसुदे दुरुस्त करण्याचा प्रसंग माझ्यावर अनेकदा आलेला असल्याने, एका चित्रपट व मालिका कंपनीचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले याचे मला नवल वाटले नाही.

कंपनी येथलीच. मालक पूर्वी गावोगाव टीव्ही नेऊन व्हिडिओवर सिनेमे दाखवी. पुढे त्याने केबल ओढली, लग्नांचे चित्रीकरण केले, दोन चित्रपट काढले आणि आता भोकरदनकडे एका शेतात सेट लावून मालिका काढतो. ती मालिका विकत घेण्यासाठी मुंबईच्या एका वाहिनीचे लोक येणार होते व त्यांना आधी कंपनीचा इतिहास हवा होता. मालकाने सांगितलेला इतिहास एका वाक्यात संपला: सर्व काही त्याने एकट्याने शून्यातून उभे केले.

माझा नियम असा की, एकाच बाजूचे ऐकून मी कागद काळा करीत नाही. मालक चित्रीकरणाला गेलेला पाहून मी त्याच्या घरी गेलो. पत्नीने चहा ठेवला. शून्याची चौकशी करता ते शून्य म्हणजे तिच्या माहेरून आंदण आलेला टीव्ही निघाला. लग्नाचा मांडव उतरायच्या आत नवऱ्याने तो टेम्पोत घालून धावड्याला खेळ लावायला नेला, आणि नव्या घरात हिच्या वाट्याला त्याचे रिकामे खोके आले.

"भाऊ, पोरं इचारतात, आई, कंपनीत तू काय करतीस?" ती म्हणाली. "मी म्हणते, डबे. तेवढं बदलता आलं तर बघा."

मी मसुदा केला आणि त्याला अर्जाचीच शिस्त लावली. आमच्याकडे सहीपूर्वी प्रत्येक कलम पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवतात आणि त्याने 'बराबर' म्हटल्यावरच पुढे जातात. मालकाने जमिनीच्या दाव्यांपायी माझ्या टेबलासमोर केस पिकवलेले. ही सवय त्याच्या अंगात भिनलेली. वाचन कंपनीच्या कचेरीत, सर्व कलाकारांच्या समक्ष व्हावे, हा आग्रहही त्याचाच.

पहिल्या कलमात मी त्याला दूरदृष्टीचा म्हटले. "बराबर." दुसऱ्यात धाडसी. "बराबर." तिसऱ्यात देखणा, तेथे त्याने सुखाने डोळेच मिटले. चौथ्यात, आवाज तसूभरही न बदलता, मी वाचले की सदर कंपनी त्याच्या पत्नीने स्वतःच्या टीव्हीवर स्थापन केली असून तो तिचा पहिला नोकर होय.

"बिलकुल बराबर," तो म्हणाला.

कॅमेरावाल्याला हसू आवरेना, तेव्हा कोठे मालकाने डोळे उघडले. ते कलम काढावे असे त्याने सुचवले. वाचून कबूल झालेल्या कलमात खाडाखोड करण्याची माझ्याकडे वहिवाट नाही, हे मी त्यास नम्रपणे कळवले. तेवढ्यात डबे घेऊन आलेली पत्नी दारातून म्हणाली, "काढा की. फकस्त माझा टीव्ही आधी घरी आणून द्या. अर्धा सिनेमा बघायचा ऱ्हायलाय माझा."

त्याने सही केली.

तिने डबे खाली ठेवले, खुर्ची ओढली आणि संस्थापिका या नात्याने पहिला हुकूम दिला, "मालिकेतली सून उद्यापासून रडणार न्हाई." मालिकेचा लेखक मालकाकडे पाहू लागला आणि मालक माझ्याकडे. सुनेचे काम करणारी मुलगी मात्र उठली, तिने पर्समधून ग्लिसरीनची बाटली काढली आणि मालकाच्या टेबलावर ठेवून दिली.