पहिला तोडा

दगूमामांना मी शेवटचं पाहिलं तेव्हा ते खाटेवर चक्क मांडी घालून बसले होते. महिनाभर पेजेवर असलेला माणूस मामीकडून बाजरीची भाकरी मागून खात होता. "या प्रोफेसर!" म्हणून मला चिडवत होता, मखमलाबादच्या मळ्यात यंदा गुलाब कुठं लावायचा ते सांगत होता. "लय बरं वाटतंय आज," म्हणाले. मी दोन दिवस राहायचं म्हणून पिशवी भरून आलो होतो. आता कसली काळजी, असं म्हणून तशीच उचलली आणि चांदवडच्या कॉलेजात पेपर तपासायला गेलो. तिसऱ्या दिवशी तिथंच फोन आला... मामा गेले.

दीड महिना झाला, माझा गोंधळ काही संपत नाही.

मी कॉमर्स शिकवतो. मामा चौथी शिकलेले, फुलं विकणारे. नव्वदच्या दशकात ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर होते, तेव्हा मीच त्यांना पहिला फॉर्म भरायला लावला. कंपनीला नफा झाला की त्यातला वाटा शेअरवाल्यांना मिळतो, त्याला लाभांश म्हणतात, असं वर्गात सांगतो तसं सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजे तोडा!" फुलांची एक खुडणी म्हणजे एक तोडा. झालं, तिथून पुढं मी कुठल्याही कंपनीचं नाव काढलं की यांचा एकच प्रश्न, "तोडा दरवर्षी येतो का? मधी खंड पडला का?" मी वैतागून म्हणायचो, "अहो मामा, भाव बघा, दुप्पट झालाय!" तर म्हणायचे, "भाव झाडाचा झाला रे. मला झाड कुठं विकायचंय?" माझे दुप्पट झालेले शेअर पुढं रद्दीत गेले. मामांचे तोडे येतच राहिले.

त्यांना हे खरंच कळत होतं की नुसतं नशीब? कारण एकदा त्यांच्या देव्हाऱ्यात मला लाभांशाचा कागद सापडला. हळदकुंकू वाहिलेला, आणि बँकेत भरायची मुदत केव्हाच संपलेली! मी कपाळावर हात मारला. "मामा, हा चेकसारखाच असतो, वाया गेला की!" मामा शांतपणे म्हणाले, "पहिला तोडा कुणी विकतं का? तो देवाचा." प्रत्येक कंपनीचा पहिला कागद त्यांनी असाच देवापुढं ठेवला होता. हा किस्सा मी वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचो. आता लाज वाटते.

आणि मग ती सातपूरची कंपनी. आमच्या दोघांकडेही तिचे शेअर होते. एका वर्षी तिनं अचानक भरघोस लाभांश जाहीर केला. मी पेढे घेऊन मळ्यात गेलो, तर मामांचा चेहरा उतरलेला. मला हाताला धरून त्यांनी एका गुलाबापाशी नेलं. झाड नुसतं लगडलेलं. "मूळ सडलंय याचं," म्हणाले. "जायच्या आधी असंच एकदम फुलतं. माझे उद्याच विकून टाक." मी त्यांचे विकले, माझे ठेवले. कंपनीनं जागा विकून तो लाभांश वाटला होता, हे पुढं कळलं. दोन वर्षांत गेटला कुलूप लागलं.

एवढं डोळ्यांनी पाहिलेला मी... भाकरी खाणाऱ्या, हसणाऱ्या मामांकडे बघून खूश होऊन निघालो. मामांना कळलं होतं का? मी पिशवी उचलली तेव्हा ते काहीतरी बोलायला गेले, मग नुसतं "सावकाश जा" म्हणाले. कळलं होतं तर मला थांबवलं का नाही? की मलाच कळायला हवं होतं? रोज नवं उत्तर सापडतं, आणि एकही पटत नाही.

गेल्या आठवड्यात मामीकडे गेलो होतो. मामी पोस्टाचं पाकीट घेऊन बाहेर आली. मामांच्या नावचा लाभांश, ते गेल्यानंतर आलेला पहिलाच. "बापू, याचं काय करायचं रे? बँकेत चालंल का?"

काय कागदपत्रं लागतात, अर्ज कुठं करायचा, सगळं मला तोंडपाठ आहे. तोंड उघडलंही. मग पाय धुतले, आत गेलो, आणि पाकीट देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. या खेपेलाही मी पिशवी भरून नेली होती. दोन दिवस राहिलो.