सुनावणीला भेटलेले काका

माझा धाकटा भाऊ शारजात वाढला, शिकायला कॅनडाला गेला आणि तिकडचाच झाला. समलिंगी विवाहाच्या कायद्यावर तिथे जाहीर सुनावणी होती आणि तो बोलणार होता. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या माझ्या ऑफिसातून रजा टाकून मी गेले.

जोडीदाराबद्दल तो सगळं नीट बोलला. त्याच्यानंतर कायद्याच्या विरोधात बोलायला उठले ते आमचे शारजाचे जुने शेजारी, आता कॅनडात स्थायिक झालेले. लहानपणी याच काकांनी त्याला खांद्यावर बसवून कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, फिरवलं होतं.

"आमच्या संस्कृतीत हा रोग नाही," ते समितीला म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, पर्सनली घेऊ नकोस हं. आई कशी आहे?"

"आस्क हर युअरसेल्फ, अंकल," भाऊ म्हणाला.

त्यांनी खरंच विचारलं. मी शारजाला पोचायच्या आत त्यांचा फोन येऊन गेला होता. आईचे डोळे सुजले होते. बाबा म्हणाले, "खलास. हा विषय या घरात बंद."

पुढे कायदा झाला, भावाने लग्न केलं. घरातून मी एकटी गेले.

त्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका काकूंनी विचारलं, "मुलासाठी स्थळं बघताय ना?"

"बघतोय की," आई म्हणाली.

"त्याचं लग्न झालंय," मी म्हणाले. "मी होते लग्नाला."

आईने माझ्या ताटलीत चिवडा वाढला. "चेष्टेखोर आहे हो ही."

सगळे हसले. बाबाही हसले.