वरच्या बाईंची कळशी

विश्रामबागेत आम्ही भाड्यानं राहत होतो. घर रिकामं करावं म्हणून मालकांनी आमचं आणि वरच्या बाईंचं पाणी तोडलं. भाडेकरूचं पाणी असं तोडता येत नाही, हा कायदा मी बायकोला दार लावून, हळू आवाजात समजावला. मालक दिसताच हसून नमस्कारही केला.

वरच्या बाई पदर खोचून थेट मालकांच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"अहो, हे काय?" मालक ओरडले.

"पानी भरतीया. आमचा नळ येस्तवर रोज येनार."

भरली कळशी कमरेवर घेऊन जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "सायेब, तुमच्यात कुनाला तान लागत न्हाई व्हय?"

मग मीही बादली घेऊन निघालो, पण त्या दुसऱ्या खेपेला निघेपर्यंत थांबून, त्यांच्या मागून.

संध्याकाळी नळ सुरू झाला. मालकांसमोर आम्ही कसे ठाम उभे राहिलो, हे मी अजून रंगवून सांगतो. पुढं कोण होतं, असं कुणी विचारलं की बायको माझ्याआधी उत्तर देते.